पुण्यश्लोक अहिल्यामाई : आम्ही सांगायची राहिलेली गोष्ट

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहातील दुपारच्या प्रवचनावरून)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. सप्ताहात सकाळ-संध्याकाळ थोर थोर महाराजांची वाणी आपण ऐकतो आहोत. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. औत आणि टाळ, दोनच गोष्टी हातात बसलेल्या. मंडळींनी सांगितलं, बुवा, दुपारी बाया जास्त असतात, त्यांच्यासाठी अहिल्यामाईवर बोला. 2025 साली माईच्या जन्माला 300 वर्षं पूर्ण झाली, तेवढं आपल्याकडून स्मरण होईल. आम्ही हो म्हटलं. पण आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट नुसती बायांसाठी नाही. बाप्यांनी मधेच तंबाखू मळत मंडपाबाहेर जाऊ नये. खरं बघितलं तर ही बाप्यांचीच गोष्ट आहे.

अहिल्यामाई आपल्याला परकी नाही. आपण औंढ्याला नागनाथाला जातो. नरसीचे नामदेवराय तिथंच विसोबा खेचरांना शरण गेले, आणि त्यांच्यासाठी देऊळ फिरलं ही कथा आपल्याकडं लेकराला पण ठाऊक आहे. त्या देवळाकडं नीट बघा. खालचं काळ्या दगडाचं कोरीव काम फार जुनं, आणि वरचं काम नंतरचं. तो जीर्णोद्धार माईचा म्हणून सांगतात. पुढं परळीला वैजनाथ, तिथंही माईचाच हात. पंढरीत महाद्वार घाटाजवळ होळकर वाडा आणि त्यातलं राममंदिर, तेही माईचंच. म्हणजे आपण निघतो तिथपासून पोचतो तिथपर्यंत माई वाटेवर उभी आहे.

आता गोष्ट. आम्ही तीस वर्षं कीर्तनात ती अशी सांगत आलो.

चौंडी गाव, आजचा जामखेड तालुका. तिथले पाटील माणकोजी शिंदे. त्यांच्या पोटी 31 मे 1725 ला मुलगी झाली. माळव्याचे सुभेदार मल्हारराव होळकर, लहानपणी मेंढरं राखलेला माणूस, त्यांनी ही पोर आपल्या खंडेरावासाठी मागितली. 1733 साली लग्न झालं. मालेराव आणि मुक्ता ही दोन लेकरं झाली. पुढं 1754 साली कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा पडला आणि तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. माईला तेव्हा एकोणतिसावं लागायचं होतं. ती सती जायला निघाली. तेव्हा मल्हारराव, एवढा मोठा सरदार, सुनेपुढं पदर पसरल्यासारखा उभा राहिला. लेक गेला, आता तूच आमचा लेक, म्हाताऱ्याला उघडं टाकून जाऊ नको, असं म्हणून रडला. आणि माई मागं फिरली.

इथं आम्ही थांबायचो. मृदंगावर थाप पडायची, बाया डोळ्याला पदर लावायच्या, आम्ही विठ्ठलाचा गजर करायचो आणि कीर्तन संपायचं. लोक म्हणायचे, बुवांनी रडवलं. आम्हाला बरं वाटायचं.

पाच वर्षांमागं आमचा थोरला लेक गेला. बत्तीस वर्षांचा होता. कसा गेला ते इथं काढत नाही. मागं सून आणि दोन लेकरं. सुनेचं वय अठ्ठावीस.

दहाव्याला नदीवर बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. आम्ही वीस पावलांवर उभे होतो. मल्हाररावाचं सोंग आणून तीस वर्षं रडणारे आम्ही, त्या दिवशी आमच्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. रीत आहे, म्हटलं. लोक काय म्हणतील, म्हटलं.

तेराव्यानंतर भावकी बसली. ठरलं असं, की सगळं रान धाकट्याच्या नावावर करावं, तो भावजयीला आणि लेकरांना संभाळील. आम्ही मान हलवली. सून आत भाकरी थापत होती. रात्री सगळे गेल्यावर ती दाराआड उभी राहून म्हणाली, "मामा, एक विचारू का?"

आम्ही म्हटलं, "विचार, माय."

म्हणाली, "तुम्ही कीर्तनात सांगता, मल्हाररावानं अहिल्याबाईला मागं फिरवलं. मागं फिरवून घरी नेल्यावर तिला दिलं काय?"

मंडळी, आम्हाला उत्तर आलं नाही. कारण आम्हाला ठाऊकच नव्हतं. तीस वर्षं गोष्ट सांगितली, पण पुढचं पान उलटलं नव्हतं. आमचं कीर्तन चितेपाशीच संपत होतं.

मग आम्ही शाळेतल्या गुरुजींकडून पुस्तकं आणली. अक्षराला अक्षर लावत वाचली. अडलं तिथं नातीला विचारलं. त्यातून जी पुढची गोष्ट कळली ती आता सांगतो.

मल्हाररावांनी माईला नुसतं जिवंत ठेवलं नाही, कामाला लावलं. स्वतः बारा महिने स्वारीवर. मागं वसूल किती आला, कुणाला किती द्यायचा, फौजेला दाणागोटा कुठून जायचा, हे सगळं सुनेच्या हातात दिलं. त्यांची तिला लिहिलेली पत्रं आहेत. त्यात तोफखाना कुठं न्यायचा, दारूगोळा कसा तयार ठेवायचा, असले हुकूम आहेत. विधवा सुनेला सासरा तोफांबद्दल लिहितो! आपण सुनेला काय विचारतो? चहा झाला का.

आणि दुसरी गोष्ट, ती फार मोठी आहे. होळकरांच्या घरात खासगी म्हणून एक चीज होती. 1734 साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या बायकोच्या, गौतमाबाईंच्या नावानं काही गावं लावून दिली. त्या गावांचं उत्पन्न दौलतीचं नाही, फौजेचं नाही, घरच्या बाईचं. तिचा हिशेब वेगळा, तिचे कारभारी वेगळे. 1761 साली गौतमाबाई गेल्या आणि ही खासगी सुनेकडं आली. सासूचं सुनेला, आणि सून विधवा असताना.

आता कळलं का, माईनं एवढं दान कुठून केलं? काशी विश्वनाथाचं देऊळ, गयेचं विष्णुपद, सोमनाथ, घाट, बारवा, धर्मशाळा, अन्नछत्रं. फौजेच्या पैशाला हात न लावता माई खासगीतून धर्म करायची, अशीच तिची ख्याती आहे. आपण म्हणतो, काय तिचं मन मोठं! मन मोठं होतंच. पण मोठी मनं आपल्या घरोघर चुलीपाशी बसलेली आहेत. त्यांच्या नावावर काही नाही, म्हणून त्यांचं दान पसाभर पिठापुढं जात नाही. माईच्या नावावर गावं होती म्हणून तिच्या दानाचे घाट झाले. एवढी साधी गोष्ट आम्हाला साठीनंतर कळली.

पुढं 1766 साली मल्हारराव गेले. दुसऱ्याच वर्षी पोटचा मालेराव गेला. नवरा नाही, सासरा नाही, लेक नाही. जुना दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड म्हणू लागला, बाईनं दत्तक घ्यावा आणि देवदेव करीत बसावं, कारभार आम्ही बघू. राघोबादादा फौज घेऊन चालून आले. माई हटली नाही. तिनं निरोप पाठवला तो असा सांगतात, की माझ्याशी लढून जिंकलात तरी बाईला हरवलं म्हणून तुमचं नाव होणार नाही, आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पुण्याहून माधवराव पेशव्यांनीही माईचीच बाजू घेतली. 1767 च्या अखेरीला कारभार तिच्याकडं आला. फौजेचं काम तिनं तुकोजी होळकरांवर सोपवलं आणि आपण नर्मदेकाठी महेश्वरला बसून 28 वर्षं राज्य केलं.

ते राज्य कसं होतं? माल्कम नावाच्या इंग्रज साहेबानं माई गेल्यानंतर त्या मुलखात फिरून लोकांना विचारलं आणि 1823 साली पुस्तक छापलं. तो लिहितो, माई दिवस उगवायच्या आधी उठायची. पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधं जेवण. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत दरबारात, ज्याला गाऱ्हाणं असेल त्यानं समोर यावं. रात्री पुन्हा पूजा, थोडा फराळ आणि परत कामाला. म्हणजे जप एका बाजूला आणि काम दुसऱ्या बाजूला असं तिचं नव्हतंच. आपण कधी कधी काम चुकवायला माळ हातात घेतो. माईनं माळ सोडली नाही आणि कामही चुकवलं नाही.

वारकऱ्यांनो, वाटेची गोष्ट ऐका. तिच्या मुलखात डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटायचे. माईनं आधी बंदोबस्त केला, पण नुसतं मारलं नाही. त्यांना सांगितलं, ही वाट तुम्हीच राखा आणि वाटसरूकडून ठरलेली कवडी घ्या. तिला भिलकवडी म्हणत. लुटणाऱ्यालाच राखणदार केलं. उन्हाळ्यात वाटेवर पाणपोया, थंडीत गरिबांना कांबळी.

आणि आम्हा शेतकऱ्यांना लाज वाटावी अशी एक गोष्ट. आपण गोफण घेऊन पाखरं हाकतो. माईनं उभ्या पिकाची शेतं विकत घेऊन पाखरांसाठी सोडली. शेतकऱ्याचं नुकसान नको आणि पाखरू उपाशी नको.

विधवांचं सांगायचं राहिलं. त्या काळी निपुत्रिक माणूस मेला की त्याची दौलत सरकार घ्यायचं, नाहीतर दत्तकाच्या परवानगीसाठी विधवेकडून नजराणा उकळायचं. माईनं हे चालू दिलं नाही. नवऱ्याचं आहे ते बायकोचं, दत्तक घ्यायचा तर तिनं आपल्या मर्जीनं घ्यावा. स्वतः सोसलेलं होतं ना.

एवढं केलं म्हणून माईचं दुःख संपलं का? नाही. मुक्ता ही एकच लेक उरली होती. तिचा मुलगा, माईचा नातू नथ्याबा, ऐन वयात गेला. 1791 साली जावई यशवंतराव फणसे गेले. मुक्ता सती जायला निघाली. आता मल्हाररावाच्या जागी माई उभी होती. तिनं लेकीचे पाय धरले, मला एकटीला टाकून जाऊ नको म्हटलं. मुक्ता थांबली नाही. माई नर्मदेच्या काठावर उभी राहून बघत राहिली. दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं, असं माल्कम लिहितो. तीन दिवस तिनं अन्नाला हात लावला नाही. मग पुन्हा उठली आणि कामाला बसली. 13 ऑगस्ट 1795 ला, सत्तराव्या वर्षी, महेश्वरलाच तिनं देह ठेवला.

मुक्ता का थांबली नाही, यावर आम्ही पुष्कळ विचार केला. आम्ही काही पंडित नाही. आम्हाला एवढंच वाटतं, की माईला मागं फिरवणाऱ्यानं तिच्या हातात काम दिलं होतं. मुक्ताच्या हातात काय उरलं होतं? लेकरू नाही, नवरा नाही. नुसतं "जाऊ नको" म्हणून माणूस थांबत नाही. कशासाठी थांबू, याचं उत्तर द्यावं लागतं.

आज चिता नाही. पण आपण विधवेचं काय करतो ते बघा. आपला मुलूख हळदीचा. वसमत, हिंगोलीच्या बाजारात आपली हळद जाते. बेणं लावायला बाया, निंदायला बाया, काढायला बाया, शिजवून वाळवायला बाया. त्यात विधवा किती असतात मोजा. महिना महिना त्यांचे हात पिवळे असतात. आणि संक्रांतीला हळदीकुंकू निघालं की त्यांनाच बोलावणं नाही! हळद पिकवायला चालते, लावायला चालत नाही. हा कुठला हिशेब? पांडुरंगानं तर आपल्याला बुक्का दिला. बाई, बाप्या, सवाष्ण, विधवा, सगळ्यांच्या कपाळाला एकच. आपण तो लावतो आणि घरी जाऊन भेद करतो.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. 2022 साली तिथल्या पंचायतीनं ठराव केला, की आमच्या गावात बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करा म्हणून कळवलं. एका गावानं केलं. आपली तर शंभर वर्षांची दिंडी.

रानाचं म्हणाल, तर 1990 च्या आगेमागे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली. रानातला तुकडा लक्ष्मीच्या नावावर करा. आम्ही तेव्हा छातीवर बिल्ला लावून सभेला जायचो, टाळ्या वाजवायचो. सातबाऱ्यावर मात्र आमचंच नाव. तलाठ्याकडं गेल्यावर कळलं, की मेलेल्या मुलाची विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे, हा कायदाच 1956 पासूनचा आहे. म्हणजे आम्ही दिलं म्हणून मोठेपणा सांगायचं कारण नाही. होतं तिचं, आम्ही दाबून ठेवणार होतो.

आमचं आठ एकर रान. चार एकर सुनेच्या आणि तिच्या लेकरांच्या नावावर केलं. सोपं गेलं नाही. धाकटा वर्षभर आमच्याशी धड बोलला नाही. भावकी म्हणाली, बुवाला म्हातारचळ लागलं, सून उद्या विकून माहेरी जाईल. पहिल्या वर्षी तिची हळद कंदकुजीनं गेली, तेव्हा हसणारेही भेटले. ती रडली, आणि दुसऱ्या वर्षी पाणी साचू नये म्हणून चर काढून पुन्हा बेणं लावलं. आता बाजारात पट्टी तिच्या नावानं होते. धाकटा बोलायला लागला आहे. परवा तिच्या रानात त्यानं स्वतःहून ट्रॅक्टर घातला.

तीन वर्षं झाली, दिंडीची भिशी आणि शिध्याचा हिशेब तीच लिहिते. गेल्या आषाढीला काल्यानंतर तिनं वही वाचून दाखवली. किती पोती गहू, किती डाळ, टँकरला किती, औषधाला किती, शिल्लक किती. पै न पै जुळली. बुवा मंडळी खाली मान घालून ऐकत होती, कारण आमच्या काळात हिशेब कधी जुळलाच नव्हता. हेही आज कबूल करून टाकतो.

म्हणून या शताब्दीला पायधुळीचं एक मागणं आहे. प्रस्थानाच्या दिवशी विण्याला ओवाळायला आपण सवाष्णच शोधतो. यंदापासून जी बाई वारी चालणार तिनं ओवाळावं. कपाळ बघू नका, पायाचे फोड बघा. आणि पुस्तकात शंभर वर्षांच्या विणेकऱ्यांची नावं छापणार आहात, चांगलं आहे. त्याखाली तुळस वाहिली, डोक्यावर हंडा वाहिला, मुक्कामाला पोचल्याबरोबर पाय न धुता चूल पेटवली, त्या बायांचीही नावं शोधून घाला. पुष्कळ जणींची कुणाला आठवणारही नाहीत. फलाण्याची आई, एवढंच सापडेल. तेवढं तरी घाला.

शेवटचं सांगून सेवा थांबवतो. एका विद्वानानं माईच्या स्तुतीचं पुस्तक लिहून आणलं होतं. माईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि ते नर्मदेत बुडवायला सांगितलं. आपणही आज तिची स्तुती केली आणि ती पुस्तकात छापणार आहोत. माई असती तर हे पानही नदीतच गेलं असतं. तेव्हा आमचं हे बोलणं कुणी जपून ठेवू नका. घरी जा, आपल्या सुनेला, लेकीला, बहिणीला विचारा, की बाई, तुझ्या नावावर काय आहे? आणि उत्तर ऐकायला दम धरा. आम्हाला तो दम धरायला साठ वर्षं लागली.